गवळणीची दुडकी

“गाढवाची चाल हाय ती,” अप्पा म्हणालं. “माज्या घोडीला गाढवाची चाल शिकवणार व्हय तू?”

“गाढवाची न्हाय, दुडकी हाय,” मी म्हणालो. “अन् घोडी तुमची न्हाय. सरकारची हाय.”

हे बोलायला नको हुतं. अप्पांच्या हातात खरारा हुता. मला वाटलं, आता येतोय टाळक्यात. पण त्येनी तो खाली ठेवला, हात धोतराला पुसलं आणि भिंतीला टेकून बसलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“सात वर्सं घातली मी तिच्यात,” ते म्हणालं.

“म्हणूनच ती टांग्याला जाणार,” मी म्हणालो आणि तिथनं निघालो.

माजा तोंडाचा दोष जुना हाय. शाळा बी त्यापायीच सुटली. सातवीत मास्तरांनी विनाकारण छडी उगारली, मी ती हातातनं घेतली, मोडली आणि दोन्ही तुकडं त्येंच्या टेबलावर ठेवून घरला आलो. परत गेलो न्हाय. तवापास्नं मी पागेत.

आमचं अप्पा, म्हंजे माजं वडील जोतीराम, बावड्याच्या वाटंला एका सरदारांची पागा हुती तिथं चाबुकस्वार. नवं घोडं धरायचं आणि त्येला माणसाखाली चालायला शिकवायचं, हे त्येंचं काम. एका तट्टानं गुडघा फोडला, तवापास्नं लंगडत्यात, पण जनावराजवळ गेलं की लंगडं वाटत न्हाईत.

गवळण त्येंच्या हातची. काळपट तांबडी, कपाळावर चांदवा, डोळं माणसासारखं. थोरलं सरकार, म्हंजे ते सरदार, कंबरंनं अधू हुतं. दुडकीनं चालणारं घोडं दर पावलाला माणसाला वर उडवतंय, ते त्येना सोसायचं न्हाय. म्हणून अप्पांनी तिला लहानपणीच रवाळ शिकवली. रवाळीत घोडं एका अंगाचं दोन्ही पाय संगं टाकतंय, आधी डाव्या अंगाचं, मग उजव्या. पाठ हलतच न्हाय. ते शिकवायला पुढचा आणि मागचा पाय मऊ सुताच्या दोरीनं एका अंगाला जखडत्यात, महिनोन् महिनं. तिच्या चारी पायांवर दोरीच्या जागी केस पांढरं आल्यात, अजून दिसत्यात. दसऱ्याला अप्पा दुधानं काठोकाठ भरलेला तांब्या हातावर घेऊन तिच्यावरनं जायचं. थेंब सांडायचा न्हाय. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभं राहून तांब्याकडंच बघायचं. गवळण हे नाव त्या तांब्यानं पाडलं.

मग थोरलं सरकार वारलं. पाठोपाठ संस्थान बी गेलं, मुंबई इलाख्यात मिसळलं. धाकट्या सरकारांनी मोटार आणली आणि पागा मोडायची ठरवली. अकरा घोडी हुती. पोलिसांच्या घोडदळाचा एक साहेब मे महिन्यात येणार, त्येला पसंत पडतील ती नेणार. उरलेली नागाप्पा नेणार.

नागाप्पा शिरोळकडचा, कानडी वळणाचा, कुणालाबी तम्मा, म्हंजे धाकटा भाऊ, म्हणणारा; स्टेशनावर त्येचं तीन टांगं. माणूस वाईट नव्हता. पण त्येचं एक घोडं मी स्टेशनाच्या चढाला टांग्याला जुंपलेलंच खाली बसलेलं बघितलंवतं. पुढचं दोन्ही गुडघं सोललेलं, मान गळपट्ट्यात अडकलेली आणि मागं बसलेलं पावणं ट्रंका सांभाळत ओरडत्यात. ते मला डोळ्यापुढनं जात नव्हतं. आणि पोलिसांकडं गेलेल्या जनावराला दाणा, डॉक्टर, म्हातारपणी कुरण. म्हणून मी रिसालदारांकडं गेलो.

गणपतराव रिसालदार पलटणीतनं निवृत्त झालेलं, राजारामपुरीत ऱ्हात्यात. पागेत सायकलवरनं यायचं. पाठ अशी ताठ की सायकल बी त्येना घाबरून सरळ चालायची. त्येनी गवळणीला एक फेरी मारून बघितलं आणि मला म्हणालं, “जनावर सोनं हाय. पण रवाळ चालती. रांगेत चाळीस घोडी दुडकीनं चालली आणि एकच रवाळीनं, तर रांग मोडती. साहेब बघणार पण न्हाय हिच्याकडं.”

“शिकवा की.”

“तिला न्हाय,” ते म्हणालं. “तुला शिकवतो. तू तिला शिकीव. बावीस दिवस हाईत.”

दुसऱ्या दिवशी पागेमागच्या मोकळ्या मैदानावर त्येनी चुन्यानं एक गोल आखला आणि पाच बांबू जमिनीवर आडवं टाकलं, तीन-तीन हातांवर. म्हणालं, बांबूवरनं रवाळ जमत न्हाय. एका अंगाचं दोन पाय संगं उचलून बांबू ओलांडायला घोडं अडखळतंय. त्येला तिरकं टाकावंच लागतंय, डावा पुढचा आणि उजवा मागचा संगं, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा. हीच दुडकी. दोन ठोकं. एक, दोन. एक, दोन.

गवळण पहिल्यांदा बांबूपाशी आली, थांबली, वाकून वास घेतला आणि माज्याकडं मान वळवून बघितलं. दोन दिवस ती बांबूवर पाय आपटत ऱ्हायली. तिसऱ्या दिवशी पाचही बांबू तिरकं ओलांडलं आणि सहाव्या पावलाला परत रवाळ. पाच बांबूंपुरती दुडकी, पुढं तांब्या.

सहाव्या दिवशी माजं डोस्कं फिरलं. मी चाबूक ओढला. एकदाच. ती अशी उधळली की मी पाटीलवाड्याच्या बांधापतुर तिच्या मानंला लोंबकळत गेलो. परत आलो तवा गणपतराव तसंच उभं.

“उतर,” म्हणालं. लगाम त्येनी घेतला. खोगिराचा दोर काढून माज्या कमरंला बांधला. “आता तू पळ. बांबूवरनं. दोन ठोकं.”

पागेतली झाडून सगळी पोरं कुंपणावर चढली. मी पळालो. पायात बांबू आला की दोर ओढायचं. बाळासो म्हणून एक मोतद्दार हुता, घोड्यांची निगा राखणारा, तो वरनं म्हणाला, “शिरपा, तुजी चाल बरी हाय रं. पोलिसात घेतील तुला.” मी त्येला रोजच्यासारखी शिवी दिली न्हाय. दमलोवतो आणि गणपतरावांनी चाबूक हातात धरलावता. त्येनी तो मारला न्हाय. नुसता धरला. एवढं मला पुरलं.

त्येनंतर तीन दिवस घोडी मला बघितलं की कान पाठीमागं टाकायची. तोंडाजवळ हात नेला तर मान फिरवायची. मी तबेल्यात तिच्याजवळ बसून ऱ्हायचो, काय न करता. चौथ्या दिवशी तिनं माज्या डोक्यावरचं गवत चावून घेतलं, मग मी तिच्यावर बसलो.

बसून बसून एक गोष्ट माज्या ध्यानात आली. सकाळी तिला मोकळी सोडली की ती स्वतःहून दुडकी चालायची. ओल्या रानात तर सुरेख, पाय गुडघ्यापतुर वर. मग माणूस बसल्यावरच रवाळ का? मी चार दिवस नीट बघितलं. मी खोगिरात खाली जड बसलो की ती रवाळीत जायची. जरा उठलो की घुटमळायची, काय करू म्हणून. अप्पांनी तिला असंच शिकवलंवतं. माणूस जड बसला म्हंजे तांब्या आला. आणि एक खूण आणखी हुती. ती बिचकली की अप्पा जीभ टाळूला लावून टक् टक् करायचं. मग ती कितीबी भ्यालेली असली तरी लोण्यासारखी मऊ रवाळीत उतरायची.

मी गणपतरावांना दोन्ही सांगितलं. ते माज्याकडं जरा येगळं बघाय लागलं.

“डोळं हाईत तुला,” म्हणालं. “मग बसायचंच न्हाय. एका ठोक्याला उठ, एका ठोक्याला टेक. टेकायचं म्हंजे पडायचं न्हाय. आणि लगाम ओलं सूत धरल्यागत धर. ओढलं तर तुटतंय, सोडलं तर गुंततंय. मागनं ढकल तिला, पुढनं ओढू नगंस.”

आणि जाताना सायकलवर टांग टाकून म्हणालं, “जोतीरामाला म्हणावं, मैदानात येऊ नगंस. त्येची जीभ त्येच्या ताब्यात न्हाय.”

हे मी अप्पांना सांगितलं. सरळ सांगितलं, जसंच्या तसं. ते जेवत हुतं. भाकरीचा घास तसाच हातात धरून म्हणालं, “न्हाय यायचा.” आणि खरंच आलं न्हाईत. मैदान आमच्या घराच्या परड्यातनं दिसतंय. ते परड्याकडं पाठ करून बसायचं. टापांचा आवाज येतच असणार. एक दोन, एक दोन. आई म्हणायची, आवाज आला की ते तंबाखू मळायचं थांबत्यात.

पंधराव्या दिवशी बांबू काढलं. गवळण आख्खा गोल दुडकीनं गेली. काय झालं ते सांगता येत न्हाय. तोपर्यंत मी तिच्यावर उठबस करत हुतो, त्या दिवशी तीच मला उठवाय लागली. पाठ खालनं वर आली, मान आपसूक गोल झाली, तोंडाला फेस आला आणि लगामात काय म्हंजे काय वजन न्हाय. गणपतराव मधी उभं राहून बोटांवर ठोकं मोजत हुतं. “पावलं लांब कर,” म्हणालं. मी केली. “आखूड कर.” ओढलं न्हाय, नुसता श्वास धरला, ती आखूड झाली. गोलाची रेघ तिच्या चारी पायांखाली गेली. रवाळीला माणूस सुखानं जातोय, पण घोडं त्यात कुठंच नसतंय. दुडकीत घोडं असतंय. हे मी अप्पांना सांगायचं ठरवलं आणि सांगितलं न्हाय.

एकच राहिलंवतं. स्वार खोगिरात टेकून, न उठता दुडकी चालवतोय का, ते साहेब बघणार. ती परीक्षाच असती. शेवटचं सात दिवस आम्ही तेवढंच केलं. आधी पाच टापा टेकून, मग उठायचं. मग दहा. मग वीस. तिचा एक कान सारखा माज्याकडं असायचा, तांब्या हाय का म्हणून. न्हाय, तांब्या न्हाय, मी पाठीनंच सांगायचो. आदल्या दिवशी चाळीस टापा झाल्या.

साहेब सकाळी आला. खाकी, बारका, सगळं टापांच्या आवाजावरनं पारखणारा. धाकटं सरकार मोटार घेऊन मैदानाच्या कडंला उभं हुतं. नागाप्पा बी आलावता, लांब आंब्याखाली बसलावता, उरतील ती न्यायला.

पहिली चार घोडी झाली. मग मी.

कदम, म्हंजे साधी चाल, बरोबर गेला. मग दुडकी. डाव्या अंगानं एक गोल, उजव्या अंगानं एक, लांब, आखूड. साहेबानं कागदावर काय तरी लिहिलं आणि मान हलवली. गणपतरावांनी माज्याकडं बघितलं न्हाय, पण सायकलच्या दांडीवरची त्येंची मूठ सुटली ते मी बघितलं. “आता बसून,” साहेब म्हणाला.

मी टेकलो. पहिल्या टापंला तिचा कान हलला. दुसऱ्या, तिसऱ्या. दहा. वीस. पाठ खालनं वर येतच हुती. तीस.

आणि मला आंब्याच्या पल्याड, कुंपणाच्या बाभळीमागं, अप्पा दिसलं. टोपी हातात घेऊन. माणसाखाली तिला दुडकीत त्येनी एकदाबी बघितलं नव्हतं. परड्यातनं पाठ करून ऐकलंवतं निस्तं. ते बघाय आलेलं. तोंड उघडं हुतं, लहान पोरासारखं.

तेवढ्यात सरकारांच्या मोटारीनं मागनं बंदुकीसारखा बार काढला. गवळण कडंला उडाली. मी तिला धरली, हातात हुती ती, दोन पावलं आणखी गेली असती की परत दुडकीत आली असती. मला ठाऊक हाय ते. पण बाभळीमागनं आवाज आला. टक् टक्.

अप्पांनी मुद्दाम केलं न्हाय. मी तोंडाकडंच बघत हुतो. घोडी बिचकली, आणि सात वर्सांची सवय जिभेवर आली, डोळ्यावर धूळ आली की पापणी मिटती तशी. आवाज बाहेर पडल्यावर त्येनी टोपी तोंडावर दाबली.

गवळण शांत झाली. कान पुढं आलं. आणि ती रवाळीत गेली. आख्ख्या आयुष्यात इतकी सुंदर रवाळ तिनं चालली नसंल. सगळ्या साहेबलोकांपुढं, तांब्यावाचून, न सांडता, अर्धा गोल. मी तिला उठवायचं बघितलं. ती ऐकंना. तिला वाटत हुतं, तिनं बरोबर केलंय.

“चाल मिसळते,” साहेब म्हणाला. “रांगेत चालणार नाही. पुढचा घोडा.”

मी तिला बाहेर आणली आणि उतरलो. गणपतराव जवळ आलं. त्येंचा चेहरा पांढरा पडलावता.

“काय झालं रं? कुणी आवाज केला?”

माज्या तोंडात सगळं आलंवतं. कुंपणाजवळ अप्पा लंगडत दोन पावलं पुढं आलं आणि तिथंच थांबलं. ते माज्याकडं बघत हुतं आणि त्येना ठाऊक हुतं की मी बघितलंय. आमच्या भांडणात आजपतुर शेवटचा शब्द माजाच असायचा. तो इथं हुता, जिभेच्या टोकावर, आणि तो खरा बी हुता.

“माजी बैठक चुकली,” मी म्हणालो.

“तीस टापा बसलावतास. चुकली नव्हती.”

“चुकली.”

गणपतराव बाभळीकडं बघायला वळलं न्हाईत. मला वाटतंय, त्येनी वळायचं टाळलं. घोडीच्या मानंवर हात फिरवला, सायकल घेतली आणि गेलं.

साहेबानं सहा घोडी निवडली. पाच नागाप्पाला. तो गवळणीजवळ आला, दात बघितलं, पाय चाचपलं. “छान जनावर,” म्हणाला. “पण माज्याकडचा गडी हिला मारून घालील. तूच का येत न्हाईस, तम्मा? टांगा हाक. हिला तूच हाकशील, दुसरं कोण हात लावणार न्हाय.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणायचं हुतं.

चार दिवस अप्पांचं एकच चाललंवतं. जेवायचं, उठायचं, परड्यात जायचं. आता परड्याकडं तोंड करून बसायचं आणि मैदान रिकामं हुतं. पाचव्या दिवशी सकाळी मी उठलो तर ते अंगणात थोरल्या सरकारांचं खोगीर घेऊन बसलेलं. थोरलं सरकार वारल्यावर तेवढंच त्येना मिळालंवतं. मखमलीचं, कडंला जरीचं. त्येनी सुरीनं त्येची शिवण उसवली, आतली लोकर काढली आणि टांग्याच्या साजातल्या गळपट्ट्याला आतनं भरून शिवाय लागलं. जाड दाभणानं, एक-एक टाका बघून.

“इथं घासतंय,” ते म्हणालं. खांद्याची जागा दाखवली, स्वतःच्या खांद्यावर. “दर आठ दिवसांनी लोकर फिरवायची. दाबली की दगड होती.”

“व्हय.”

“चढाला उतरत जा खाली.”

“उतरीन.”

त्येनी पुढचा टाका घातला.

त्येला आता वरीस झालं. स्टेशनाचा चढ आला की मी उतरतो आणि तिच्या संगं चालतो. पावणं कधी हसत्यात, कधी शिव्या देत्यात, गाडी चुकंल म्हणत्यात. तिचं गुडघं अजून शाबूत हाईत. सपाटीला ती दुडकी चालती, डांबरावर दोन ठोकं स्वच्छ पडत्यात. बाकीच्या टांग्यांची घोडी ओढत्यात, ही चालती. काल गणपतराव चौकात सायकलवरनं उतरून बघत उभं हुतं. मी तिला जरा लांब केली, जरा आखूड केली. त्येनी मान हलवली आणि चाकात हवा हाय का बघाय लागलं.

अप्पा आज पहिल्यांदाच टांग्यात बसलं. बावड्यापास्नं स्टेशनापतुर, मागच्या बाजूला, उलट्या तोंडानं. वाटंत एक ट्रक अंगावर आल्यागत आला. गवळण दचकली. मी मागं बघितलं. अप्पांनी तळहात तोंडावर घट्ट दाबून धरलावता, डोळं मिटलेलं.

“करा की, अप्पा,” मी म्हणालो. “आता काय बिघडतंय?”

त्येनी मान हलवून न्हाय म्हणून सांगितलं. गवळण तोपतुर सावरलीवती, आपली आपण, दुडकीतच. ते बराच वेळ तिच्या टापा ऐकत ऱ्हायलं. बोटानं टांग्याच्या फळीवर मोजत हुतं. एक दोन, एक दोन.

स्टेशनाबाहेर झाडाखाली टांगा लावला. ते खाली उतरलं, घोडीच्या पुढं गेलं आणि गळपट्ट्याखाली हात घालून लोकर दाबून बघितली. तिनं त्येंच्या टोपीचा वास घेतला. मग माज्याकडं न बघता ते म्हणालं,

“त्या दिवशी रिसालदारापुढं तू खोटं का बोललास?”

वरीसभर मी या प्रश्नाची वाट बघत हुतो. उत्तर बी करून ठेवलंवतं, चांगलं तिखट. ते राहू देतो आणि लगाम गोळा करतो. अप्पा घोडीच्या पायांवरल्या पांढऱ्या केसांवरनं बोट फिरवत उभं हाईत, अजून उभं हाईत. आणि मिरजंची गाडी फलाटाला लागली, पावणं ट्रंका घेऊन बाहेर येत्यात, पहिलाच नंबर माजा हाय. मला आता निघायला पायजे.